टाचण पूर्ण, पाठ पूर्ण. पण इतिहास-भूगोलाचा शिक्षक तयार झाला का?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी सोलापुरातल्या एका अध्यापक महाविद्यालयात इतिहास अध्यापन पद्धती शिकवते. पंधरा दिवसांपूर्वी एका सराव पाठाला मागच्या बाकावर बसले होते. आठवीचा वर्ग, घटक सविनय कायदेभंग. छात्राध्यापिका (बी.एड. करणारी विद्यार्थिनी) मेहनती आहे. साबरमती ते दांडी असा मार्ग दाखवणारा सुंदर तक्ता केला होता, अक्षर मोत्यासारखं. प्रस्तावना झाली, हेतुकथन झालं, विवेचन सुरू झालं. सोलापूरच्या सत्याग्रहाचा भाग आला तो तिने पुस्तकातून वाचला आणि पुढे निघाली. त्या शाळेपासून चार हुतात्म्यांचे पुतळे चालत दहा मिनिटांवर आहेत.

तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "मॅडम, ते चौघं एकमेकांना ओळखत होते का?"

तिने टाचणाकडे (पाठाच्या लिहून आणलेल्या आराखड्याकडे) बघितलं, मग माझ्याकडे, मग त्याला म्हणाली, "बस खाली, संकलनाच्या वेळी विचार." संकलनाला, म्हणजे शेवटच्या उजळणीला, पाच प्रश्न आधीच लिहून आणलेले होते. त्या मुलाचा प्रश्न काही आला नाही. मी अभिप्रायात लिहिलं, 'वर्गनियंत्रण चांगले. पाठ वेळेत पूर्ण.' आणि सही केली.

घरी जाताना गाडीवर मला ते लागलं. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. लिंगायत, मराठा, मारवाडी, मुसलमान असे चौघे एका फाशीपर्यंत कसे पोचले, हाच तर त्या धड्याचा गाभा. आठवीतल्या पोराला तो सापडला होता, आणि वर्गात आम्ही दोघी बी.एड.वाल्या असून आम्हाला ऐकू आला नाही.

आता प्रश्न. दोन वर्षं, चार सत्रं, त्यात शाळांमधले मिळून वीस आठवडे. एवढ्या वेळात आम्ही काय करायला हवं होतं, म्हणजे तिने त्या प्रश्नावर पाठ थांबवला असता? शाळेतले शिक्षक, आजी-माजी बी.एड.वाले, पालक, सगळ्यांनी मनातलं लिहा. मला पुढच्या सत्रात खरंच काही बदलायचं आहे.

शेंगाचटणी

रोज तिथनं गाडी काढतो बे. एवढ्या वर्षांत हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. त्या पोराला माझ्याकडून एक भेळ.

निवृत्त_मास्तर

ताई, चौतीस वर्षं इतिहास शिकवला, म्हणून हक्काने लिहितो. दोष पद्धतीत नाही, विषयात आहे. पोरीला धड्यापलीकडचं काही ठाऊक नव्हतं, म्हणून ती घाबरली. ज्याच्या पोटात गोष्ट आहे त्याला प्रश्नाची भीती वाटत नाही, उलट कधी कुणी विचारतंय याची तो वाट बघतो.

तिला एवढं जरी माहीत असतं: ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली, ८ मेला इथे गोळीबार झाला, लोक चिडले, पुढचे दोन-तीन दिवस शहरात सरकारचा अंमल राहिला नाही. १२ मेला मार्शल लॉ लागला तो जूनअखेरपर्यंत. चौघांवर पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. ही गोष्ट नीट सांगायला वीस मिनिटं लागतात. मी सांगायचो तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी पोरं उठायची नाहीत.

बी.एड.ला येणाऱ्याचा बी.ए.चा विषय कोणता असतो ते एकदा बघा. मराठीतला पदवीधर दुसरी पद्धती म्हणून इतिहास घेतो, कारण 'सोपा आहे'. आधी त्यांच्याकडून विषय वाचून घ्या. सज्जता प्रवर्तन, चेतक बदल ही अध्यापन कौशल्यं नंतर.

अक्कलकोट_लोकल

मॅडम, मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे (तुमच्या कॉलेजात नाही). त्या ताईच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. का ते सांगतो.

आम्हाला पाठाच्या आदल्या दिवशी टाचण तपासून घ्यावं लागतं. त्यात शिक्षककृतीसमोर विद्यार्थीकृती लिहिलेली असते, म्हणजे मी काय विचारणार आणि पोरगं काय उत्तर देणार हे आदल्या रात्री मीच लिहिलेलं असतं. मग वर्गात पोरगं वेगळंच बोललं की मला ते टाचणातून बाहेर पडल्यासारखं वाटतं. मागे सर बसलेले असतात. माझे डोळे पोरांकडे कमी आणि सरांच्या पेनाकडे जास्त असतात.

आणि शालेय आंतरवासितेत (शाळेत जाऊन करायच्या प्रशिक्षणात) काय झालं तेही लिहितो. शाळेचं नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. पण पहिल्या आठवड्यानंतर आम्ही म्हणजे ऑफ तासाचे शिक्षक झालो. इतिहासवाला मी, तीन दिवस पाचवीच्या गणितावर. रोज सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी परत, रात्री फायली. फाईल जाड झाली, मी तेवढाच राहिलो.

सीनाकाठ

टाचणावर सगळे तुटून पडायच्या आत दोन शब्द. मी अकरा वर्षं नववी-दहावीला इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल तिन्ही शिकवते. वर्गात अडुसष्ट मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीत जातात. बोर्डाला इतिहास-राज्यशास्त्राचे चाळीस, भूगोलाचे चाळीस, अंतर्गतचे वीस. फेब्रुवारीत पालक विचारतात ते 'धडे संपले का' एवढंच.

अशा तासात टाचण नसेल तर नवीन मुलगी बुडते. मी बुडालेली बघितली आहे. आमच्याकडे आलेल्या एकीने 'मी मुक्त चर्चा घेणार' म्हणून निवडणूक प्रक्रियेचा पाठ सुरू केला. दहाव्या मिनिटाला वर्ग दोन पक्षांत वाटला गेला, विसाव्या मिनिटाला शेजारचे सर आले. ती नंतर स्टाफरूममध्ये रडली. तिला कुणी चर्चा चालवायला शिकवलंच नव्हतं. कोणाला आधी बोलायला द्यायचं, आवाज चढला की काय करायचं, फळ्यावर दोन्ही बाजू कशा मांडायच्या, ही सगळी कौशल्यंच आहेत. सूक्ष्म अध्यापनात (एकेका कौशल्याच्या छोट्या सरावात) फलक लेखनाचे पाठ होतात, प्रश्न विचारण्याचे होतात. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं काय करायचं याचा पाठ होतो का? मी तरी केला नाही.

खडूफळा

@सीनाकाठ, शेवटच्या दोन ओळी मी वहीत उतरवून घेतल्या. सहा मिनिटांचा सूक्ष्म पाठ, समोर आठ-दहा सहाध्यायी विद्यार्थी बनून बसलेले, आणि कौशल्य एकच: न ठरवलेल्या प्रश्नाला सामोरं जाणं. 'मला माहीत नाही, आपण शोधू' हे वाक्य वर्गासमोर मान वर करून म्हणता येणं, एवढंच तपासायचं. हे लगेच करता येईल.

@अक्कलकोट_लोकल, सरांच्या पेनाबद्दल लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले. ते पेन माझं आहे.

मागवाल्याचा_नातू

मी शिक्षक नाही. पण धागा वाचून राहवलं नाही.

आमचं घर पूर्व भागातलं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, समोरच्या दुकानात कन्नड. आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, आज्जी घरी विड्या वळायची. दहावीपर्यंत मला कुठल्याही शिक्षकाने विचारलं नाही की तुझ्या घरचे काय करतात आणि सोलापुरात कुठून आले. 'औद्योगिक क्रांती' शिकलो तेव्हा इंग्लंडातल्या यंत्रांची नावं पाठ केली. खिडकीतून जुन्या मिलचं धुराडं दिसत होतं. ती मिल १८७७ ची, हे मला पुढे नोकरीला लागल्यावर कळलं.

आजोबांकडे पत्र्याच्या डब्यात पितळी बिल्ला होता, नंबर कोरलेला. कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, कारण ते बोलताना अंगठ्याने चाळत बसायचे. भोंगा झाला की अख्खी गल्ली हलायची असं सांगायचे. पहिला भोंगा उठायचा, दुसरा निघायचा. मिल बंद पडल्यावरही कित्येक दिवस पहाटे त्या वेळेला उठून बसायचे. ते गेले, डबा कुठे गेला माहीत नाही.

एका शिक्षकाने 'आजोबांना चार प्रश्न विचारून ये' एवढा गृहपाठ दिला असता तर आज माझ्याकडे एक वही असती. तुमच्या होणाऱ्या शिक्षकांना हे शिकवा एवढंच मागणं.

शेंगाचटणी

नातूभाऊ, माझ्याही घरी हीच कथा, फक्त मिल दुसरी. आमची आज्जी अजून भोंग्याच्या वेळेला चहा टाकते आणि सगळ्यांना उठवते. रविवारीसुद्धा.

निवृत्त_मास्तर

@मागवाल्याचा_नातू, डोळे भरून आले. आमच्या वर्गात मिल कामगारांची पोरं शेकड्यांनी बसायची आणि मी त्यांना ग्रेट ब्रिटन शिकवलं. वर 'आधी विषय' असं मी लिहिलं. विषय समोर बाकावर बसला होता, एवढी दुरुस्ती करतो.

भूगोलवेडा

भूगोलाला कुणी विचारतंय का या धाग्यात? सामाजिक शास्त्र म्हटलं की सगळे इतिहासाकडेच पळतात.

दहावीच्या भूगोलाचा पहिला धडाच 'क्षेत्रभेट'. तो धडा मी बाकावर बसून, 'क्षेत्रभेटीला जाताना कोणते साहित्य न्याल' याचं उत्तर फळ्यावरून लिहून घेताना बघितला आहे. एकदा नाही, अनेकदा. शिकवणाऱ्याचाही दोष नाही, तो स्वतः कधी क्षेत्रभेटीला गेलेला नसतो. बी.एड.ची सहल असते, तिथे फोटो असतात.

मी दोन वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल पद्धती घेत होतो. तिथे केलेली एक गोष्ट लिहितो. नववीच्या पुस्तकात वितरणाचे नकाशे आहेत: टिंब, क्षेत्रघनी, सममूल्य. छात्राध्यापकांना म्हटलं, व्याख्या नकोत, सोलापूर जिल्ह्याचा टिंब नकाशा काढा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर. एक टिंब म्हणजे दहा हजार माणसं धरा. म्हणजे चारशे तीसेक टिंबं.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी प्रत्येक तालुक्यात पेरणी केल्यासारखी टिंबं टाकली, सारख्या अंतरावर. मी एकाला विचारलं, हे टिंब कुठे पडलंय? त्याने दुसरा नकाशा लावून बघितलं, उजनीच्या पाण्यात. दहा हजार माणसं धरणात! दुसरीचं टिंब नान्नजच्या माळढोक अभयारण्यात. हशा झाला, पण तिथून सगळे हलले. गावं शोधायला लागले, रस्ते बघायला लागले, नदीकाठ दाट का आणि माळ विरळ का यावर भांडायला लागले. मग शहर आलं. शहरात साडेनऊ लाख, म्हणजे पंचाण्णव टिंबं, आणि नकाशावर शहराला जागा वाटाण्याएवढी. ती मावेनात. एक मुलगी म्हणाली, "सर, इथे टिंब चालत नाही, वर्तुळ काढावं लागेल." पद्धतीची मर्यादा तिला स्वतःला सापडली. दोन दिवस गेले, पण त्या वर्गातला एकही जण आता टिंब पद्धतीची नुसती व्याख्या लिहून देणार नाही, याची मला खात्री आहे.

सीनाकाठ

@भूगोलवेडा, मान्य, अगदी मान्य. पण माझ्याकडे त्या धड्याला तास मिळतात मोजकेच.

भूगोलवेडा

शाळेत दोन दिवस घालवा असं म्हणत नाही हो ताई. शिक्षकाने तयार होताना एकदा घालवावेत. ज्याने एकदा स्वतः केलं, तो वर्गात पंधरा मिनिटांतही त्यातलं नेमकं उचलतो.

अजून एक. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळे म्हणतात 'उजनी मायनसमध्ये गेली'. सातवीतल्या पोराने मला विचारलं होतं, पाणी मायनस कसं असतं? उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६३ मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचा तळाचा साठा. त्याच्या खाली पातळी गेली की मायनस मोजतात. आणि इथे थेंब नसला तरी उजनी भरते, कारण पाऊस पडतो पुण्याकडच्या घाटात आणि भीमा तो आपल्यापर्यंत आणते. पर्जन्यछाया, नदीखोरं, ऊस आणि ज्वारीचं भांडण, सगळं या एका शब्दात आहे. 'मायनस' या शब्दावर पाठ काढा, असं मी छात्राध्यापकांना सांगायचो.

पुण्यातला_सोलापूरकर

थोडं अवांतर. इतिहास पद्धतीवाल्यांनी हत्तरसंग-कुडलला पोरं नेली आहेत का कधी? भीमा-सीनेच्या संगमावर, आपल्याच दक्षिण सोलापुरात. तिथल्या देवळातला मराठी शिलालेख शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा. सर्वांत जुन्या मराठी शिलालेखांत तो धरला जातो. मी वडिलांबरोबर गेलो होतो. उन्हं तिरपी झाली तशी अक्षरं उठून दिसायला लागली, दुपारी नुसता खडबडीत दगड होता. 'साधनांचे प्रकार: लिखित, भौतिक, मौखिक' हे शाळेत पाठ केलं होतं. अक्षर वाचायलासुद्धा सूर्य कुठे आहे ते बघावं लागतं, हे तिथे कळलं.

शेंगाचटणी

संगमावर जाणार असाल तर डबा बरोबर घ्या. भाकरी, पेंडपाला, चटणी. शिलालेख हजार वर्षं थांबलाय, पोरं बारानंतर थांबत नाहीत.

सांगोल्याचं_डाळिंब

सगळं छान आहे, पण जमिनीवरचं बोलू. मी बी.एड. करून सहा वर्षं झाली. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) झाली, अभियोग्यता चाचणी दिली, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नोंद केली. अभियोग्यता चाचणीत दोनशे गुण: एकशेवीस अभियोग्यतेचे, ऐंशी बुद्धिमत्तेचे. त्यात इतिहास कसा शिकवाल हा प्रश्न नाही. आकृत्या, अक्षरमाला, वेग. मग दोन वर्षं टिंब नकाशे काढण्यापेक्षा पोरगं त्या परीक्षेची पुस्तकं घेऊन बसणारच. माझ्या वर्गातले निम्मे फक्त पाठापुरते यायचे. कुणाला दोष देऊ?

आणि एका संस्थेत मुलाखतीला गेलो तेव्हा मला विषयातलं काही विचारलं नाही. जे विचारलं ते इथे लिहीत नाही. तुम्ही समजून घ्याल.

आता नव्या धोरणात चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम येतोय. वर्षं वाढवून काय होणार? नोकरी देताना जे बघतात तेच पोरं शिकणार.

अक्कलकोट_लोकल

@डाळिंब दादा, पटतं आणि त्रासही होतो. माझ्या वडिलांनी शेतीतून फी भरली आहे. नोकरी लागेल की नाही माहीत नाही. पण लागली आणि मला शिकवता आलं नाही, ही भीती त्याहून मोठी आहे.

सांगोल्याचं_डाळिंब

भावा, तुझ्यासारखे असावेत म्हणूनच चिडून लिहिलं. मी आता गावात शिकवणी घेतो. दहावीच्या पोरांना भूगोलातलं भारत-ब्राझील शिकवताना मीच डाळिंबाच्या बागेत घेऊन जातो. निर्यात, हवामान, पाणी, सगळं बांधावर बसून. चाचणीत त्याला शून्य गुण, पण पोरं विसरत नाहीत.

उर्दू_मीडियम

अस्सलाम आलेकुम, नमस्कार. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत सामाजिक शास्त्र शिकवते.

मूळ प्रश्नातल्या त्या चौघांबद्दल. कुर्बान हुसेन पत्रकार होते, 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे. माझ्या वर्गात मी त्यांचं नाव फळ्यावर लिहिते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही ताठ बसतात. पण मी तिथे थांबत नाही. मुद्दाम मल्लप्पा धनशेट्टींबद्दल, सारडांबद्दल जास्त बोलते, कारण माझ्या मुलांना 'आपला' एकच माहीत असतो. मराठी शाळेतल्या शिक्षकाने उलट करावं असं मला वाटतं. हुतात्मे वाटून घेतले की धडा मेला.

होणाऱ्या शिक्षकांना आणखी एका गोष्टीसाठी तयार करा. वर्गात जातीवरून, धर्मावरून एखादं पोरगं घरी किंवा मोबाईलवर ऐकलेलं वाक्य टाकतं. त्या क्षणी शिक्षक लाल होतो, ओरडतो, नाहीतर हसून सोडून देतो. मी पहिल्या वर्षी ओरडले होते. आता विचारते, "हे तुला कुठून कळलं? आणखी कुठे बघता येईल?" पाच वर्षं लागली हे वाक्य सापडायला. बी.एड.मध्ये कुणी दिलं असतं तर माझ्या पहिल्या पाच वर्षांतली मुलं वाचली असती.

खडूफळा

@उर्दू_मीडियम, तुमचा प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे. परवानगी आहे ना?

उर्दू_मीडियम

जरूर. पण आधी त्यांना विचारा, तुम्ही काय केलं असतं. माझं उत्तर नंतर.

सीनाकाठ

नागरिकशास्त्राबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मीच लिहिते. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, दिवस मोजावे लागतात. वर्गात विचारलं, तुमच्याकडे किती दिवसांनी येतं? प्रत्येक पेठेचा आकडा वेगळा. का वेगळा? टाकी कुठली, वेळ कोण ठरवतं, तक्रार कुणाकडे, नगरसेवक म्हणजे कोण? मुलींनी अर्ज लिहिला. पहिल्या मसुद्यात नुसतं 'पाणी द्या' होतं. चौथ्या मसुद्यात गल्ली, तारखा, घरांची संख्या, मागणी सगळं आलं. अर्ज दिला, पोच घेतली. पाण्याच्या वेळापत्रकात फरक पडला नाही. पण एका मुलीने ती पोच पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दप्तरात ठेवली आहे, वर्ष झालं. हा पाठ मला कुठल्याही टाचणात बसवता आला नव्हता, म्हणून मी तो ऑफ तासाला घेतला होता. तेव्हा टाचणाची बाजू घेणारी मीच, एवढं इथे नोंदवते.

निवृत्त_मास्तर

@सीनाकाठ, बेटी, हा प्रतिसाद कुणीतरी छापून सराव पाठाच्या फाईलवर चिकटवा.

पुण्यातला_सोलापूरकर

अजून एक जागा सुचवतो, डॉ. कोटणीसांचं स्मारक. सोलापुरात १९१० साली जन्मलेला मुलगा १९३८ ला वैद्यकीय पथकातून चीनला जातो आणि १९४२ ला तिथेच मरतो. नववीला परराष्ट्र धोरण शिकवताना चीन नुसता १९६२ चं युद्ध म्हणून येतो. इथे त्याच्या आधीचं दार उघडतं.

शेंगाचटणी

मॅडम, मूळ प्रश्न राहिलाच की. ते चौघं एकमेकांना ओळखत होते का? भेळ तयार आहे, उत्तर कुणाकडे आहे?

खडूफळा

@शेंगाचटणी, त्यासाठीच परत आले. धागा सुरू करून आता तीन आठवडे झाले, म्हणून काय केलं ते लिहिते.

पहिल्यांदा त्या छात्राध्यापिकेला बोलावलं आणि सांगितलं की त्या अभिप्रायात चूक माझी होती. ती रडवेली झाली, मग म्हणाली, "मॅडम, मला तो प्रश्न आवडला होता. मला वाटलं, तुम्ही गुण कापाल."

मग बारा जणांना घेऊन सकाळी सात वाजता चालत पुतळ्यांपर्यंत गेलो. वही एकच नियम लिहून दिली होती: इथे उत्तर लिहायचं नाही, फक्त प्रश्न. पहिली दहा मिनिटं कुणी काही लिहिलं नाही, फोटो काढले. मग एकाने लिहिलं, फाशी येरवड्याला का, सोलापुरात का नाही? दुसरीने, मार्शल लॉमध्ये आमच्या आज्जीची आई दूध कसं आणत असेल? फुलं विकणाऱ्या मावशी मधेच म्हणाल्या, "बारा जानेवारीला या की, गर्दी असते." तेवढ्यावरून वाद झाला: शाळेत १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद जयंती होते, शहरात गड्ड्याची (सिद्धेश्वर यात्रेची) गडबड, मग हुतात्म्यांना शाळेत किती मिनिटं मिळतात? बाराजणांपैकी नऊ सोलापूर जिल्ह्यातले. त्यांच्या शाळांमध्ये हा दिवस कसा झाला ते कुणालाही आठवेना.

एकूण सत्तेचाळीस प्रश्न जमले. ते आम्ही तीन ढिगांत लावले. पुस्तकात उत्तर मिळेल असे, घरी म्हाताऱ्यांना विचारावे लागतील असे, आणि जुनी वर्तमानपत्रं किंवा खटल्याचे कागद शोधावे लागतील असे. त्या मुलाचा प्रश्न तिसऱ्या ढिगात गेला. त्यामुळे शेंगाचटणीभाऊ, उत्तर अजून नाही. दोन छात्राध्यापक शहरातल्या जुन्या वाचनालयात बसायला लागले आहेत.

टाचणाचा नमुनाही थोडा बदलला. विद्यार्थीकृतीच्या रकान्यात अपेक्षित उत्तर लिहायचं नाही, ती जागा कोरी. पाठ झाल्यावर मुलं खरोखर काय बोलली ते तिथे लिहायचं, आणि गुण त्याला. सीनाकाठ म्हणतात तसं बाकीचं नियोजन आहे तसंच, ते सोडलेलं नाही. मी मागच्या बाकावरून उठून खिडकीशी बसते, मुलांच्या बाजूला, म्हणजे पेन दिसत नाही.

काल तीच छात्राध्यापिका त्याच आठवीत परत गेली. सुरुवातीलाच तिने फळ्यावर त्या मुलाचं वाक्य लिहिलं, त्याच्या नावासकट. मुलगा लाजून खाली बघत होता. ती म्हणाली, "याचं उत्तर मला माहीत नाही. मी शोधते आहे, तुम्हीही शोधा. कुठे शोधाल?" पोरांनी सुचवलं: मोबाईल, पुतळ्याखालची पाटी, आज्जी, पोलीस स्टेशन. 'पोलीस स्टेशन'वर ती अडखळली, मग तेही लिहिलं.

तेव्हा मुलींच्या रांगेतून एक हात वर आला. "मॅडम, जे पोलीस मेले, त्यांच्या घरच्यांचं पुढे काय झालं?"

वर्ग एकदम शांत. मला खिडकीशी बसून घाम फुटला. हा प्रश्न आमच्या सत्तेचाळीसात नव्हता. तिने टाचणाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. खडू घेतला आणि पहिल्या प्रश्नाच्या खाली तो जशाच्या तसा लिहिला. मग त्या मुलीला नाव विचारलं आणि प्रश्नाशेजारी तेही लिहिलं.

अक्कलकोट_लोकल

मॅडम, ते वाचनालयात बसणारे दोघं कुठल्या दिवशी बसतात? शनिवारी मला सुट्टी असते. येऊ का?